जास्तीची मूठ

१० मार्च, सोमवार. पिंप्राळा, जळगाव

मी कथा लिहिते. पण कथेत मी स्वतःला नेहमी थोडी बरी दाखवते, हे आता माझ्याच लक्षात आलंय. म्हणून वही काढली आणि वर तारीख टाकली. तारखेखाली खोटं लिहिणं जरा जड जातं.

बातमी: आमच्या पेटंटवर हरकत आली.

आमच्या म्हणजे अभिमन सरांच्या कंपनीच्या. कंपनी म्हणजे रिंगरोडला दातांच्या दवाखान्यावरच्या दोन खोल्या, आम्ही मोजकी माणसं आणि एक फोन नंबर. शेतकरी त्या नंबरवर फोन लावतो, बोलतो, आणि मशीन त्याचं बोलणं ऐकून कापसाचा नाहीतर केळीचा भाव सांगतं. ऐकायला सोपं आहे. पण आमच्याकडचा माणूस एका भाषेत बोलत कुठे? अहिराणीत सुरू होतो, मराठीत वळतो, चिडला की हिंदी. आणि मशीनचं सगळं काम अंदाजावर. हा शब्द झाला, आता पुढे कुठला यायची शक्यता जास्त, एवढाच त्याचा हिशोब. भाषा बदलली की अंदाज कोसळलाच.

मी शोधलं ते एवढंच की माणूस पहिली हाक काय मारतो ते ऐका. "साहेब" म्हणाला की पुढे शाळेतलं मराठी. "भाई" म्हणाला की हिंदी. "आबा" नाहीतर "अक्का" म्हणाला की अहिराणी, शे आणि बठ्ठासकट. हाक ऐकली की मशीनने शक्यतांचा अख्खा तक्ताच बदलायचा. चुका धाडकन कमी झाल्या. अर्जावर शोधक म्हणून नाव आहे दिपमाला लोटन देवरे. ते नाव मी किती वेळा उघडून बघितलं ते इथे लिहीत नाही.

बंगळुरूची एक मोठी कंपनी हीच युक्ती वापरते. सरांनी त्यांना नोटीस धाडली. त्यांनी उलट पेटंट ऑफिसात हरकत घेतली: हा शोध अर्ज करायच्या आधीच चारचौघांत दाखवलाय, जे आधीच जाहीर झालं त्याला पेटंट कसलं? पुराव्याला एक व्हिडिओ जोडलाय.

व्हिडिओत मी आहे. दोन वर्षांपूर्वी श्रावणात, कानबाई देवीच्या सणाला, आमच्या गावी फागण्यात, मोठ्या मायच्या म्हणजे थोरल्या काकूच्या ओसरीवर. हातात खडू. सगळ्यांना समजावून सांगतेय.

पेटंट गेलं तर कंपनी गेली. सर असं म्हणाले नाहीत. एसी बंद करून पंखा लावला फक्त.

१२ मार्च

कौतिकदादाला फोन केला. माझा चुलतभाऊ, धुळ्यात मोबाइलचं दुकान आहे. व्हिडिओ त्यानेच काढला होता.

"अगं, पेपरात तुझं नाव आलं ना मागच्या महिन्यात, म्हणून टाकला यूट्यूबवर. तारखेसकट टाकला, म्हटलं लोकांना कळू दे आपण पहिले."

"दादा, तुझ्या तारखेपायी पेटंट जाईल."

"मग काढून टाकतो."

"त्यांनी उतरवून घेतलाय."

"घेऊ दे ना. सांग त्यांना, आमना घरना सण शे. तुमले कोनी बलावं व्हतं?"

दादा हसला. मी पण. फोन ठेवल्यावर वाटलं, तो बोलला त्यात खरंच मुद्दा आहे.

१८ मार्च

पुण्याच्या वकीलबाईंशी व्हिडिओ कॉल. सर माझ्या शेजारी. बाई कानबाईचा व्हिडिओ थांबवत थांबवत बघत होत्या.

"एवढी माणसं कोण?"

"भाऊबंद."

"बाहेरचं कुणी?"

मी म्हटलं, रोटाला बाहेरचं कुणी नसतंच. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे, त्याच पिठाचा रोट करायचा, आणि तो भाऊबंदांनीच खायचा. जेवून हात धुतले तर ते पाणीसुद्धा दाराबाहेर जाऊ द्यायचं नाही, अंगणात खड्डा करून त्यात सोडायचं. पौर्णिमेच्या आत सगळं संपवायचं.

बाई एकदम खुलल्या. "हे तर फारच छान आहे. घरातल्या घरात दाखवलं म्हणजे जाहीर झालं नाही. ही प्रथा सविस्तर लिहा." मग परत व्हिडिओवर बोट. "आणि हा? स्पीकरच्या मशीनजवळचा, जाळीच्या टोपीतला?"

"हारुन. मांडव आणि स्पीकरचं बघतात."

"नातेवाईक?"



हारुनमामा. मोठ्या मायला अक्का म्हणतात, तिच्याकडून राखी बांधून घेतात. मला सायकल त्यांनी शिकवली. कानबाईला स्पीकर लावायचं भाडं त्यांनी कधी घेतलेलं नाही. पण हे सगळं पुण्यातल्या बाईला कुठून सुरू करून सांगायचं? अजून एक गोष्ट मनात आली होती. लिहू की नको? लिहिते. मला वाटलं, ती हसेल.

"नाही," मी म्हटलं. "कामाला बोलावलेले."

"शिक्षण?"

"सातवी."

"उत्तम. मोबदल्यावर आलेला मजूर, तांत्रिक बाब समजण्याची पात्रता नसलेला. असा एक माणूस म्हणजे जनता नव्हे, असं मांडू."

सर म्हणाले, "परफेक्ट." मी पण मान हलवली.

२१ मार्च

नोटरीकडे जाऊन सही केली. परिच्छेद सात: "सदर प्रसंगी हारुन नावाचा इसम केवळ ध्वनिक्षेपकाच्या भाडेतत्त्वावरील कामासाठी हजर होता. तो कुटुंबाचा घटक नाही. दाखवलेली बाब समजून घेण्याइतके त्याचे शिक्षण नाही." वर "शपथेवर".

एकदा वाचलं. दुसऱ्यांदा नाही वाचलं.

इसम. हा शब्द मी माझ्या कुठल्याही कथेत वापरलेला नाही.

११ मे, रविवार

कौतिकदादाचा फोन. बंगळुरूवाल्यांची दोन माणसं गाडी घेऊन फागण्याला गेली होती. थेट हारुनमामांकडे. माझा कागद त्यांना वाचून दाखवला.

"मामा काय म्हणाले?"

"काही नाही. त्यांना चहा पाजला. कागद मागून घेतला, घडी करून खिशात ठेवला."

"चिडले?"

"हसले म्हणे. पोर मोठी वकील व्हई गई, म्हणाले."

मी विचारलं, रहिमामामी होत्या का तिथे? होत्या म्हणाला. त्यांनी ऐकलं का?  त्यावर दादा म्हणाला, "तू असं कसं लिहिलंस गं, दीपू?"

मी म्हटलं, कायद्याची भाषा असते ती. तशीच लिहावी लागते.

मामांना फोन करायचाय. उद्या.

१४ मे

केला नाही.

२ जून

केला नाही. गावाकडून पाडाच्या आंब्यांची पेटी आली. दरवर्षी हारुनमामा पाठवतात. पेटीवर माझं नाव त्यांच्याच अक्षरात, पण या वेळी पुढे "मॅडम" लिहिलंय. आंबे नेहमीसारखेच गोड. ऑफिसात वाटून टाकले, माझ्यासाठी एकही ठेवला नाही. याला काय म्हणतात? प्रायश्चित्त तर नक्कीच नाही. सरांनी तीन खाल्ले.

२२ जुलै, मंगळवार

आज सुनावणी झाली, व्हिडिओवरच. पेटंट ऑफिसचे अधिकारी मुंबईत, वकीलबाई पुण्यात, आम्ही इथे. एका चौकोनात हारुनमामा. धुळ्यातल्या कुठल्यातरी वकिलाच्या ऑफिसात बसवलेले, इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. समोरच्या पक्षाने त्यांना साक्षीला बोलावलं होतं. पलीकडचा वकील पोरगेला, मराठी चांगलं.

"दिपमाला देवरेंना ओळखता?"

"हो साहेब. मॅडम आमच्या गावाच्या आहेत."

मामा मला दीपू म्हणतात. लाडात आले तर माय म्हणतात. आज साहेब आणि मॅडम, आणि पुढे एकेक वाक्य शाळेच्या पुस्तकातलं. माझा तक्ता बरोबर निघाला.

"तुम्ही देवरे कुटुंबातले?"

"नाही साहेब. बाहेरचा."

"मग तिथे कसे होता?"

"स्पीकर लावायला. भाड्याने."

"रोट खाल्लात?"

"नाही. तो बाहेरच्यांना देत नाहीत."

"मॅडमनी समजावलं ते कळलं?"

"मला कसं कळणार? मॅडमनी कागदात लिहिलंय तसंच आहे सगळं."

"हे बाहेर कुणाला सांगू नका, असं तुम्हाला कुणी बजावलं होतं?"

"नाही साहेब."

पोरगेला वकील म्हणाला, झालं माझं. वकीलबाईंचा चेहरा पडला. बाहेरचा माणूस, कसलंही बंधन नाही, आणि त्याच्यासमोर सगळं उघड सांगितलं. असा एक असला तरी पुरे, हे त्यांनी आम्हाला नंतर सांगितलं. हेच आधी सांगितलं असतं तर? नाही, तेव्हाही मी तेच म्हटलं असतं.

मामांनी बदला घेतला. माझाच परिच्छेद सात ओळीओळीने मला परत वाचून दाखवला. आणि मला त्यांचा राग येतोय. लाज वाटायला हवी तिथे राग येतोय, हेही लिहून ठेवते.

२४ जुलै

निकाल यायचाय. लेखी म्हणणं द्यायला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत वेळ आहे. सर आज हसतच आले.

"तुझ्या मोठ्या मायला फोन केला मी. सरळ विचारलं, हारुन घरचा की बाहेरचा. काय म्हणाली माहितीये? म्हणे, त्याची तर दरवर्षी मूठ असते."

मला आधी कळलंच नाही.

मग कळलं. मी लहान होते तेव्हा आबा गेले. आबा म्हणजे मोठे काका, मोठ्या मायचे यजमान. त्या श्रावणात मी सुपाशेजारी बसून मुठी मोजल्या, तर मागच्या वर्षीएवढ्याच. एक माणूस गेला, मूठ कमी झाली नाही; शेवटची मोठ्या मायने नाव न घेताच टाकली. मी धरून चालले की ती माझी. पोरींची मूठ नसते हे मला माहीत होतं, पण वाटलं, मोठ्या मायने गुपचूप घेतली असेल. इतकी वर्षं रोट खाताना मला वाटायचं, यात मी आहे.

आबांची मूठ मोडवेना म्हणून मोठ्या मायने ती भावाच्या नावाने चालू ठेवली होती. हारुनमामांच्या.

"आता बघ," सर म्हणाले, "तू नवीन शपथपत्र कर. आधी गैरसमजातून लिहिलं, तो माणूस प्रथेप्रमाणे कुटुंबातलाच. यंदा मूठ टाकतील तेव्हा व्हिडिओ काढ. नाव घेऊन टाकताना दिसली पाहिजे. आणि मामांकडून एक कागद घे, की रोट खाल्ला होता. ऐकतील ना तुझं?"

ऐकतील. तेच तर.

मार्चमध्ये जे खरं मी सांगितलं नाही, ते आता सांगितलं तर पेटंट टिकतं. म्हणजे आता ते खरं कसलं? आता तो नुसता पुरावा.

२७ जुलै, रविवार. फागणे

पारोळामार्गे एसटीने आले. बॅगेत वकीलबाईंनी पाठवलेला मजकूर, मामांच्या सहीची जागा मोकळी.

रहिमामामींनी मला बघून प्लास्टिकची खुर्ची काढली. पदराने पुसली. चहा कपात दिला, खाली बशी. या घरात मी नेहमी चुलीशेजारी पाटावर बसायचे, मामी माझ्या हातात भाकरीचा तुकडा द्यायच्या, गरम गरम, आणि ओरडायच्या, फुंकून खा. आज बशीत बिस्किटं.

"या मॅडम," मामा म्हणाले.

"मामा, मॅडम काय."

"आता कोर्टकचेरीत म्हणून सवय झाली."

थोडा वेळ पाऊसपाणी, कौतिकदादाचं दुकान. मग मी विचारलं, "तुम्ही भाड्याने आलो असं का सांगितलं?"

"तुम्ही लिहिलं होतं ना."

"ते चुकीचं होतं."

"शपथेवर होतं, मॅडम. तो गाडीवाला सांगत होता, शपथेवर लिहिलेलं खोटं निघालं तर जेल होते. खरं असते का?"

"होऊ शकते."

"मग झालं," मामा म्हणाले आणि बशी माझ्याकडे सरकवली. "घ्या ना, मऊ पडतील."

टोमणा मारला असणार. मला तरी तसंच वाटलं. दुसरं काय असू शकतं?

कागद बॅगेतून काढलाच नाही. निघताना मामी दारापर्यंत सोडायला आल्या. पूर्वी कधी येत नव्हत्या. पूर्वी आतूनच ओरडायच्या, दार लाव जाताना.

२ ऑगस्ट, शनिवार. फागणे

आज गहू मोजले. उद्या कानबाई बसेल.

मोठी माय ओसरीवर बसली. पुढ्यात गव्हाचा ढीग, शेजारी सूप. मी समोर फोन घेऊन. सरांचे सकाळपासून चार मेसेज: "नाव स्पष्ट ऐकू येऊ दे."

"फोटू काढी राह्यनी का?" मोठी माय म्हणाली.

"व्हिडिओ."

"मंग पदर नीट करस."

एकेक नाव, सव्वा मूठ. "लोटन", हे माझे वडील. "कौतिक". मग बाकीचे चुलते, चुलतभाऊ, कौतिकदादाचा पाळण्यातला पोरगा. शेवटी सवयीने मूठ भरली आणि हात मध्येच थांबला.

"आते ही कोनी?" ती स्वतःशीच म्हणाली.

"हारुनमामानी," मी म्हटलं. फोन चालू होता. आवाज स्पष्ट यावा म्हणून मी जरा मोठ्यानेच म्हटलं. हेही लिहायला हवं.

"तो सकाळे येई गया. म्हने, अक्का, आवंदा मन्ही मूठ नको टाकू." तिने माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "म्हने, पोरना कागद खोटा पडी."

मी फोन खाली घेतला नाही. 

"कागदमा काय शे ते माले समजस नही," ती म्हणाली. "पन त्यानीच नको म्हनं, त मी कशी टाकू?"

"मग परत ढिगात टाक."

"भरेल मूठ परत टाकतस नही, माय." तिचा हात तसाच सुपावर. मग ती एकदम हसली. "धाकली व्हती तवय तू इचारे, मन्ही मूठ कोनती, मन्ही मूठ कोनती. तुन्हा नावनी टाकू?"



तिने वाट बघितली. मी नाही म्हणू शकत होते. हारुनमामांच्याच नावाने टाक, मी कागद मागे घेते, जेल तर जेल, असंही म्हणता आलं असतं. तोंडात शब्द होते. पण माझ्या आत एक लहान पोरगी बसलेली होती आणि तिला ती मूठ हवी होती.

"दिपमाला," मोठी माय म्हणाली, आणि गहू सुपात पडले. त्यावर पाव मूठ आणखी.

व्हिडिओ सरांना पाठवला नाही. पाठवून काही उपयोगही नाही. त्यात हारुनमामांची मूठ नाही. माझी आहे.

३ ऑगस्ट, रविवार. फागणे

कानबाई बसली. दिव्यांच्या उजेडात नारळाचा मुखवटा फार सुंदर दिसत होता. सर फोन करतायत, मी उचलत नाहीये. उद्या उचलेन आणि सांगेन, काय सांगेन ते अजून ठरत नाही. खरं सांगितलं तर आमचा फायदा, आणि मामांनी दिलेली साक्ष खोटी पडते, मग जेल कुणाला? गप्प बसले तर ते कायम "इसम". माझ्या हाताने मी दोन्ही दारं लावून घेतली आहेत.

मामांनी दुपारीच स्पीकर लावले. दरवर्षी मशीन घेऊन ओसरीवर खांबाला टेकून बसतात. आज मशीन फाटकाबाहेर, लिंबाखाली, स्टुलावर. तिथपर्यंत वायर पुरेना, तर त्यांनी दुसरी जोडली होती. कौतिकदादा म्हणाला, "मामा, आत बसा ना, तिकडे डास फोडून खातील." ते म्हणाले, "आठे हवा शे."

जेवणं सुरू झाली तेव्हा मी ताट वाढून घेतलं आणि फाटकापाशी गेले. रोट, खीर, गंगाफळाची भाजी. कुणी अडवलं नाही. मोठ्या मायने बघितलं आणि मान फिरवली.

"मामा."

ते उठून उभे राहिले. माझ्यासाठी उठून उभे राहिले.

"मॅडम," ते म्हणाले, "मन्ही मूठ नही शे आवंदा. तू जेवी ले, माय."

हाक मॅडमची, पुढे अहिराणी, आणि शेवटी माय. माझ्या तक्त्यात या वाक्याची शक्यता शून्याच्या जवळपास आहे. आमच्या मशीनने ते पकडलंच नसतं. मी पण पकडलं नाही, मागच्या रविवारी त्यांच्या घरात बसून, बिस्किटं खात. मला टोमणा ऐकू आला होता.

मी तिथे काहीतरी बोलायला हवं होतं. मामा स्पीकरच्या मशीनकडे वाकले, एक बटण उगाच फिरवलं. आतून बायकांचं गाणं थोडं मोठं झालं.

ताट घेऊन आत आले. रोट उरवायचा नसतो. पंगतीच्या टोकाला बसले आणि सगळं जेवले, शेवटच्या घासापर्यंत. मग अंगणातल्या खड्ड्यावर हात धुतले. पाणी बाहेर जाऊ दिलं नाही.